बास म्हणायचं कधी?

या आठवड्याचा मेल हिंजवडीत जॉब करणाऱ्या एका वाचकाचा. घर धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याचं. बोनसमधून आप्पांसाठी म्युझिक सिस्टीम घ्यायचीय. आप्पांना लागतात भजनं, नाट्यगीतं आणि जुनी हिंदी गाणी. धाकट्या भावाला अहिराणी गाणी, तीही डीजे मिक्स! बजेट पंचवीस हजार. पुढची खोली दहा बाय बारा, उंचीही दहा फूट. वर स्लॅब, खाली टाइल्स. पलीकडच्या खोलीत आजी झोपते आणि एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. एवढं सगळं सांगून प्रश्न एकच : 'सबवूफर किती वॉटचा घेऊ?'

दोस्ता, वॉटचं नंतर बघू. तुझ्या मेलमधली सगळ्यात महत्त्वाची माहिती तू प्रश्नाच्या आधीच देऊन टाकलीस. ती म्हणजे खोली!

आणि हा मेल एकट्याचा नाही. नोकरी पुण्या-मुंबईत आणि आईवडील गावी, अशी आपल्यातल्या निम्म्यांची कहाणी. आपण सणाला मोठ्ठा बॉक्स घेऊन जातो, वायरी जोडतो, चार दिवस घर दणाणून सोडतो आणि परत येतो. नंतर घरच्यांना त्या धुमधुम आवाजाचा त्रास होतो आणि सिस्टीमवर क्रोशाचा रुमाल पडतो. म्हणून खरी परीक्षा दिवाळीत नसते. आपण निघून आल्यावर जानेवारीत आप्पा आपणहून ती सिस्टीम चालू करतात का, ही खरी परीक्षा.

डीजेचा बास, घरातला बास

खान्देशात वाढलेल्या माणसाला बास काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. लग्नाची वरात असो नाहीतर श्रावणातली कानबाईची मिरवणूक, छातीत धडधड झाल्याशिवाय पाय थिरकत नाहीत. पण तो बास रस्त्यावरचा. उघड्यावर आवाज पसरतो, विरतो. अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून ट्रॉलीवर डब्यांची उतरंड रचावी लागते.

खोलीत गणित उलटं होतं. आवाजाला पळायला जागाच नसते. भिंती तो परत फेकतात आणि काँक्रीट तर जवळपास जसाच्या तसा. सबवूफर जमिनीवर, भिंतीला लागून किंवा कोपऱ्यात ठेवला, की वाढणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागामागे थिअरीत ६ डेसिबलपर्यंत फुकट बोनस मिळतो. म्हणजे रस्त्यावर ज्यासाठी ट्रॉली लागते, त्यासाठी घरात आठ इंची सबवूफरही पुरतो.

वॉटचं गाजर

एकेकाळी २.१ स्पीकरच्या खोक्यांवर हजारो वॉट 'पीएमपीओ' छापलेले असायचे. हा क्षणभराच्या शिखराचा आकडा आणि तो मोजायची सर्वांनी मानलेली एकच पद्धतही नाही. त्यामुळे ज्याच्या मनात येईल तो आकडा. बघायचा तो 'आरएमएस', म्हणजे सतत देता येईल अशी ताकद.

त्यातही एक गंमत आहे. १०० वॉटच्या जागी २०० वॉट केले की फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. आवाज 'दुप्पट झाला' असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट! उलट सबवूफर खोलीच्या मधून उचलून भिंतीशी नेला तर ६ डेसिबलपर्यंत फुकटात मिळतात, ताकद चौपट केल्यासारखे. सांगा, पैसे कशावर घालायचे?

खोलीचा स्वतःचा सूर

आता थोडं फिजिक्स, घाबरू नका. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी असते सुमारे २८ फूट आणि ८० हर्ट्झची १४ फूट. आपली खोली बारा फुटांची! एवढी लांब लाट आत मावत नाही, भिंतींमध्ये आपटत राहते. समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर लाटेच्या निम्म्याएवढं आलं की तो सूर तिथल्या तिथे फुगतो.

आपल्या वाचकाच्या खोलीत बारा फुटांचा सूर येतो ४७ हर्ट्झला. दहा फुटांचा ५६ ला. आणि रुंदीही दहा, उंचीही दहा, त्यामुळे ५६ हर्ट्झ दोन्हींकडून फुगणार. गाण्यात तो सूर आला की 'भूंऽऽ', बाकीचे सूर मात्र गप्प. लोक म्हणतात, सबवूफर खराब निघाला. तो बिचारा निर्दोष असतो, बोलत असते खोली.

पडदे लावले, गोधड्या टांगल्या तर? त्याने टाळीचा खणखणाट कमी होईल, बास हलणारही नाही. ५० हर्ट्झची लाट मऊ मालाने नीट शोषायची तर त्याची जाडी पाच-साडेपाच फूट हवी. भाव येईल म्हणून घरात कापूस भरून ठेवला असेल, तर त्या खोलीत बास झकास ऐकू येईल. फक्त बसायला जागा उरणार नाही!

मग उपाय? माणसाची जागा आणि डब्याची जागा. लांबीचा सूर भिंतीशी सगळ्यात जास्त फुगतो आणि खोलीच्या अगदी मध्यावर जवळपास गायब होतो. आप्पांचा दिवाण मागच्या भिंतीला चिकटलेला असेल, तर त्यांच्या डोक्याशीच बासचा ढीग साचणार. दिवाण हलत नसेल तर ऐकायची खुर्ची दीड-दोन फूट पुढे घ्या. खर्च शून्य.

रांगा, बिनधास्त रांगा!

डब्याची जागा शोधायची एक जुनी, जगभर वापरली जाणारी युक्ती आहे. सबवूफर चक्क आप्पांच्या खुर्चीवर ठेवायचा. ज्यात बासचे सूर वर-खाली चालत राहतात असं एखादं गाणं लावायचं. आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं, कान डब्याच्या उंचीवर ठेवून. कुठे नुसतं भूंऽऽ ऐकू येईल, कुठे काहीच नाही. जिथे सगळे सूर सारखे आणि स्वच्छ ऐकू येतात, तिथे थांबा. डबा तिथे, आप्पा खुर्चीवर. ध्वनीची वाट दोन्ही दिशांनी सारखीच, म्हणून हे जमतं. दार लावून घ्या, नाहीतर 'पोरगं पुण्याला जाऊन हे शिकलं' म्हणून गल्ली जमेल.

घ्यायचा कोणता?

पंचवीस हजार एकाच डब्यात घालू नका. पुरुषाचा बोलण्यातला आवाज साधारण ८५ हर्ट्झपासून वर सुरू होतो, बाईचा आणखी वर. म्हणजे भजन गाणारा गळा सबवूफरमधून येतच नाही, येतो तो दोन मुख्य स्पीकरमधून. मोठा वाटा त्या जोडीला द्या. उरलेल्यात आठ किंवा फार तर दहा इंची सबवूफर घ्या, स्वतःचा अॅम्प्लिफायर आत असलेला, म्हणजे 'अॅक्टिव्ह'. बजेट ताणलं जात असेल तर यंदा स्पीकर, पुढच्या बोनसला सबवूफर. चालेल.

सीलबंद की भोकवाला? पोर्ट असलेला डबा कमी ताकदीत जास्त दणका देतो, पण त्याच्या ठरलेल्या सुराखाली झपकन उतरतो. सीलबंद डब्याचा आवाज हळूहळू उतरतो आणि छोट्या खोलीत तो नीटनेटका वाटतो. तबला, पखवाज ऐकणाऱ्या घरासाठी माझं मत सीलबंदला.

आणि अपेक्षा ताळ्यावर ठेवा. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत मुळातच खोल बास फारसा नाही. सबवूफर तो तयार करत नाही, असलेला ऐकवतो. धाकट्याच्या डीजे मिक्समध्ये मात्र तो भरपूर सापडेल.

आप्पांना वायरी आणि तीन रिमोट नको असतील, तर वायरलेस सबवूफरवाला साउंडबार हा सरळ पर्याय आहे. आवाजात थोडी तडजोड, पण बटण एक. शक्यतो धुळ्याला दुकानात जा, आप्पांना सोबत न्या आणि त्यांच्या आवडीचं भजन लावून ऐका. दुकानदाराचा डेमो नको, त्यात नेहमी स्फोटच असतात.

तीन बटणं, एक संध्याकाळ

क्रॉसओव्हर : कुठल्या सुराखालचं काम सबवूफरने करायचं, ते हे बटण ठरवतं. ८० हर्ट्झपासून सुरुवात करा, मुख्य स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० ते १२०. अॅम्प्लिफायरमधून हे सेट करत असाल तर सबवूफरवरचं बटण पूर्ण वर ठेवा, म्हणजे दोन गाळण्या एकावर एक बसणार नाहीत. टेस्ट सोपी : सबवूफरला कान लावा. गायकाचे शब्द कळले तर क्रॉसओव्हर जास्त आहे. पुरुष गायक काळी एकला गात असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. तिचा तेवढा तळ सबवूफरकडून यावा, वरचा झणकार स्पीकरमधून. दोन्ही मिळून एकच तानपुरा वाटला की झालं.

फेज : ० आणि १८०. एकाने खुर्चीवर बसायचं, दुसऱ्याने बटण फिरवायचं. ज्यात बास भरीव वाटेल ते ठेवा. दुसऱ्यात स्पीकर आणि सबवूफर एकमेकांचा आवाज खात असतात.

व्हॉल्यूम : शून्यावरून हळूहळू वाढवा. 'आला, आला!' वाटलं की थांबा आणि किंचित मागे या. चांगला सबवूफर चालू असताना जाणवत नाही, बंद केल्यावर मात्र गाणं एकदम पोकळ वाटतं. बास म्हणायचं ते इथे!

घूंऽऽ आणि खडखड

गाणं बंद असतानाही घूंऽऽ येतंय? तो विजेचा ५० हर्ट्झचा सूर. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आवाज जातो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही. गंमत नाही, जिवाशी खेळ आहे.

खडखड येत असेल तर दोषी बहुतेक वेळा शोकेसची काच, खिडकीची झडप, नाहीतर मांडणीवरची भांडी. मोबाइलवरून ३० ते १२० हर्ट्झचा हळूहळू चढणारा सूर वाजवा आणि काय थरथरतंय ते हात लावून शोधा. रबराचा एक तुकडा पुरतो.

आणि उन्हाळा. खान्देशात पारा चाळिशी सहज ओलांडतो. डब्याच्या पाठीमागे अॅम्प्लिफायर असतो, त्याला श्वास हवा. अर्धा फूट जागा सोडा. वर क्रोशाचा रुमाल नकोच.

आजीची झोप

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. पण हे डेसिबल 'ए' पद्धतीचे. माणसाच्या कानासारखं ऐकायचं म्हणून या पद्धतीत मीटर खालचे सूर कमी धरतो, ५० हर्ट्झला तर तब्बल ३० डेसिबलने. म्हणजे मीटर म्हणेल सगळं ठीक, आणि पलीकडे आजीच्या कॉटला कंप! शब्द भिंतीत अडतात, बास आरपार जातो. म्हणून मीटरवर विसंबू नका. गाणं लावा आणि स्वतः आजीच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं पडून बघा. मग शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि तिथूनही ऐका. सामाईक भिंतीपासून डबा दूर, खाली जाड रबरी पॅड आणि रात्री दहानंतर सबवूफर बंद, फक्त स्पीकर. एवढं केलंत तर आप्पांना कुणी 'आवाज कमी करा' म्हणणार नाही.

झटपट टिप्स

• खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजूनच दुकानात जा.
• पीएमपीओ विसरा, आरएमएस विचारा.
• आधी स्पीकर, मग सबवूफर.
• आधी खुर्ची हलवा, मग डबा, मग बटणं.
• सगळं जमलं की बटणांच्या जागेवर मार्करने खूण करा. धाकटा ती फिरवणारच आहे, निदान आप्पांना परत आणता येतील!