चाळ सुटली, अभ्यासिका सुटू नये

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या इमारतीतील घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचे हक्काचे घर! या कुटुंबांत आपले कितीतरी समाजबांधव आहेत. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.

अशा नव्या घरी माहेरपणाला आलेल्या लेकीच्या मनाची मात्र ओढाताण होते. थकलेली आई लिफ्टने वर जाते, संडास-न्हाणी घरातच आहे, हे पाहून तिचा जीव सुखावतो. पण तिचे बालपण गेले ती गॅलरी कुठेच दिसत नाही. "कधी आलीस गं?" म्हणून दारातून डोकावणारी शेजारीण दिसत नाही. सगळी दारे बंद.

ही हुरहूर खोटी नाही. तरीही चाळीचे गोडवे जपूनच गावेत, असे आम्हांला वाटते. 1920च्या दशकात इंग्रज सरकारने बांधलेल्या या चाळींत एका मजल्यावर 20 खोल्या आणि सर्वांना मिळून सार्वजनिक संडास. एका खोलीत आठ-दहा माणसे. सुनेला आडोसा नाही, रात्रपाळीहून आलेल्या गिरणी कामगाराला पाठ टेकायला जागा नाही. ती अडचण म्हणजे काही आपला वारसा नव्हे. गोड होती ती माणसे. गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास करणारी मुले, एकत्र बसून घेतलेली बुद्धवंदना, वर्गणी काढून साजरी केलेली भीमजयंती हाच आपला खरा ठेवा.

बाबासाहेबही परळच्या चाळीत राहिले. पण ते तिथेच अडकून पडले नाहीत. 1930च्या दशकात त्यांनी दादरला हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. चाळ सोडावी कशी आणि सोबत न्यावे काय, याचा धडा त्यांनी आपल्याला घालून दिला आहे.

म्हणून नव्या घरात गेलेल्या बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. दिवाणखान्यात टीव्हीची जागा ठरवण्याआधी पुस्तकांच्या कपाटाची जागा ठरवा. सोसायटीच्या पहिल्याच सभेत मुलांच्या अभ्यासिकेसाठी आणि वंदनेसाठी एक सामायिक खोली मागा. आज मागितली नाही, तर उद्या तिथे दुसरेच काही उभे राहील. हा विषय महिला मंडळाने हाती घेतला, तर तो तडीस जाईल, असा आम्हांला विश्वास वाटतो.

आणि माहेरवाशिणींनो, येत्या 14 एप्रिलला माहेरी जाल तेव्हा खाऊबरोबर एक पुस्तकही न्या. शेजारचे बंद दार वाजवा आणि तिथल्या मुलाच्या हातात ते द्या. गॅलरी गेली म्हणून शेजार का जावा?

जय भीम!