डीएनए चाचणी: मनाच्या समाधानासाठी की कोर्टासाठी?

कुरियरने घरपोच येणाऱ्या वस्तूंमध्ये हल्ली एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे नाते तपासण्याची डीएनए किट. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालून पाठवायची, काही हजार रुपये भरायचे, की थोड्याच दिवसांत अहवाल हातात. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, घरबसल्या काम होते. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. आपल्याकडे दुकान, गोदाम, शेती आणि राहते घर बहुधा एकाच माणसाच्या नावावर असते. तो माणूस गेला की पहिला तंटा हिशेबाचा नसतो, वारसांचा असतो.

समजा, वर्ध्याच्या इतवाऱ्यातील एक कापड दुकानदार वारले. मीरासीची वाटणी निघाली आणि थोरल्याने धाकट्याच्या नात्याबद्दल शंका काढली. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतो, "भाईजान, भांडण कशाला? टेस्ट करून टाका." कोणती टेस्ट, हे मात्र कोणी विचारत नाही.

चाचण्या दोन प्रकारच्या असतात. एक खाजगी माहितीसाठी, दुसरी कायद्याच्या कामासाठी. प्रयोगशाळेतील विज्ञान दोन्हींत एकच. माणसाच्या डीएनएतील ठरावीक जागा, साधारण सोळा ते चोवीस, तपासल्या जातात. प्रत्येक जागेवर एक खूण आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते. बापाकडची खूण अनेक जागी जुळली नाही तर नाते नाकारले जाते. सगळीकडे जुळली तर ९९.९९ टक्के किंवा त्याहून अधिक शक्यता लिहून येते.

फरक आहे तो नमुना कोणाचा, या प्रश्नात. खाजगी चाचणीत पाकिटावर जे नाव लिहिले तेच प्रयोगशाळेला ठाऊक. आत काडी मोठ्या भावाची आहे की शेजाऱ्याची, हे तिला कळायला मार्ग नाही. कायद्याच्या चाचणीत नमुना तिऱ्हाईत अधिकृत माणसाने घ्यायचा, ओळखपत्र पाहायचे, फोटो, सही आणि अंगठा घ्यायचा, पाकीट सर्वांसमक्ष सीलबंद करायचे, आणि ते कोणाकोणाच्या हातून गेले याची नोंद ठेवायची. व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको. बिल, पावती आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी नसलेला माल कितीही अस्सल असला, तरी तंट्यात तो कोणाचा हे सिद्ध करता येत नाही.

पण येथेही एक गैरसमज आहे. सील आणि सह्या असलेला अहवाल म्हणजे कोर्टात विजय, असे मुळीच नाही. आपल्याच राज्यातील दोन खटले पाहा. पहिला विदर्भातला. पोटगीच्या वादात पतीने मूल आपले नाही असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत चाचणी झाली. त्या निकालावर आक्षेप आला म्हणून हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत दुसऱ्यांदा झाली. दोन्ही अहवाल सारखे निघाले. ६ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञानाला वरचे स्थान दिले आणि मुलीच्या पोटगीचा हुकूम रद्द केला. मात्र आधी दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत, हेही बजावले.

दुसरा पुण्याचा. तेथे पतीने आधीच खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल मिळवला होता. त्याच्या जोरावर घटस्फोटाच्या खटल्यात त्याने मुलाची चाचणी मागितली. कुटुंब न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मंजूर केली. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. पत्नीवरील आरोपाच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू करता येणार नाही, आणि आपल्या जन्मावर ऊठसूट शंका घेतली जाऊ नये हा मुलाचाही हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. हातातल्या खाजगी अहवालाने पतीसाठी चाचणीचे दारसुद्धा उघडले नाही.

याच्या मुळाशी जुना कायदा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६. लग्न कायम असताना, किंवा ते संपल्यावर आईने दुसरे लग्न केले नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल त्या पतीचेच धरले जाते. त्या काळात पती-पत्नीचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखवल्याशिवाय हे गृहीतक सहसा हलत नाही. १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, अशी चाचणी मागितली की मिळाली असे होणार नाही आणि कोणाला रक्त देण्याची सक्ती करता येणार नाही.

मालमत्तेच्या वादातही तेच. ऑक्टोबर २०२१ च्या एका निकालात, वादी आपला सख्खा भाऊच नाही म्हणून बहिणींनी त्याची चाचणी मागितली होती. त्याने नकार दिला. त्याच्याकडे कागदपत्रे होती. नको म्हणणाऱ्याला चाचणीला उभे करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून आमचे व्यापारी बंधूंना सांगणे आहे की, किटचे पैसे भरण्याआधी घरातली पेटी उघडा. निकाहनामा, नगरपरिषदेचा जन्मदाखला, शाळेची टी.सी., रेशनकार्ड, वडिलांनी हयातीत मुलगा म्हणून दिलेली कबुली, ज्याला आपल्याकडे इकरार म्हणतात. बहुतेक तंटे येथेच मिटतात. मिटले नाहीत तर वकिलामार्फत कोर्टाकडे जा. चाचणी हवी की नको, ते कोर्ट ठरवील.

बाप हयात नसेल तर चाचणीचे गणितही अवघड होते. दोन भावांचे वाय गुणसूत्र जुळले म्हणजे दोघे एकाच बापाचे, असे अनेकांना वाटते. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. म्हणजे एका आजोबांच्या सर्व मुलांत आणि त्या मुलांच्या मुलांत ते सारखेच असणार. चाचणी खानदान सांगेल. मुलगा या भावाचा की त्या भावाचा, हे सांगणार नाही. मुलींना तर हा मार्गच नाही. भावंडांची तुलना करणाऱ्या इतर चाचण्यांत उत्तर अनेकदा "शक्यता आहे" एवढ्यावरच थांबते, आणि तेवढ्यावर दुकान वाटून मिळत नाही.

खाजगी चाचणी निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. दोन सज्ञान माणसांना, दोघांच्या मर्जीने, फक्त जाणून घ्यायचे असेल तर खुशाल करावी. अमेरिकेतल्या मुलाला आई-बापांना बोलावून घ्यायचे असेल आणि वकिलातीने डीएनए सुचवला, तर मात्र घरगुती किट बाजूला ठेवावी. तेथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते आणि नमुना वकिलातीच्या देखरेखीखाली घेतला जातो.

आमचा सक्त विरोध आहे तो झोपलेल्या मुलाच्या तोंडात चोरून काडी फिरवण्याला. तो अहवाल कोर्टात टिकणे कठीण, पण घरात मात्र तो कायमचा राहतो. आपल्या शरीयतीत नसब ही हलकी गोष्ट नाही. तो गेला की बापाच्या मीरासीतला मुलाचा हक्क गेला. आणि पत्नीवर केलेला आरोप खोटा ठरला तर लिआनच्या आधारे ती निकाह संपवण्याचा दावा लावू शकते, हेही पतीने हिशेबात धरावे.

शेवटी धंद्यातल्यांसाठी एक गोष्ट. आपले काही तरुण पॅथॉलॉजीचे नमुना संकलन केंद्र किंवा मेडिकल स्टोअर चालवतात. अशा किटची एजन्सी चांगले कमिशन देते, असे त्यांना सांगितले जाते. या धंद्यावर नियंत्रण आणू शकणारे डीएनए विधेयक सरकारने जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतले, तेव्हा चांगली-वाईट प्रयोगशाळा ओळखण्याचे काम तुमच्याच गळ्यात आहे. एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, ते प्रमाणपत्रावर वाचा. ग्राहकाला आधी विचारा, हा कागद कशासाठी हवा. कोर्टासाठी म्हणाला तर किट विकू नका, वकिलाकडे पाठवा. आणि आईच्या संमतीवाचून कोणी लहान मुलाचा नमुना घेऊन आला तर तो परत करा, मग कमिशन कितीही असो.