हिरवी बोट, काळं फुफ्फुस



बोट धक्क्याला लागली म्हंजे तिची इंजिनं गप होतात असं ज्यांना वाटतं, ते गोदीत कधी उतरलेले नाहीत. मोठं इंजिन थांबतं. पण दिवे, पंप, क्रेन चालवायला लहान इंजिनं रात्रंदिवस घरघरत राहतात. धूर वर जातो, वारा त्याला खाली दाबतो. खाली आम्ही. पाळी सुटल्यावर नाक शिंकरलं तर काळं निघतं. मास्क मागितला तर मुकादम म्हणतो, "रुमाल बांध. कवी ना तू, रुमालावर पण कविता करशील."

ही बोट पिते काय? रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरतो तो डांबरासारखा गाळ. तेल कंपन्यांचं उष्टं. १ जानेवारी २०२० पासून त्यातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणायचा नियम आला. पण पळवाट ठेवलीच. धुराड्यात स्क्रबर बसवा, धूर पाण्याने धुवा आणि तेच जुनं तेल जाळा. बऱ्याच बोटी हे धुण्याचं घाण पाणी सरळ समुद्रात सोडतात. म्हंजे आभाळ सोवळं, दर्या ओवळा! हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

जगातला ८० टक्क्यांहून जास्त माल समुद्रातून जातो. त्याचा धूर वर्षाला सुमारे १०० कोटी टन, जगाच्या धुराचा जवळजवळ ३ टक्के. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये ठरवलं की २००८ च्या तुलनेत हा धूर २०३० पर्यंत किमान २० टक्के, २०४० पर्यंत किमान ७० टक्के कमी करायचा आणि २०५० च्या सुमारास शून्यावर आणायचा. एप्रिल २०२५ मध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी आराखडा मंजूर झाला : हद्दीबाहेर धूर सोडील त्याने पैसे भरावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर शिक्का बसायचा होता. अमेरिकेच्या सरकारने देशांना धमकावलं आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. दंड भरायची वेळ आली तशी बड्यांनी तारीख पाडली. तारीख पडणं म्हंजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, "हे गोऱ्यांचं खूळ आहे, तू पगाराचं बोल." मी म्हणतो, चूक. दर्या चढला तर मलबार हिल चढणार नाही. शिवडी, वडाळ्याच्या खाडीकाठी आपल्या झोपड्या आहेत, तो तिथे शिरेल. धूर थांबला पाहिजे, ही मागणी आधी आपली आहे. भांडण आहे ते एवढ्यावर, की ओझं कुणाच्या डोक्यावर?

उद्याचं इंधन म्हणून अमोनियाचं नाव घेतलं जातंय. त्यात कार्बन नाही, खरं. पण तो विषारी वायू आहे. डोळे, घसा, फुफ्फुस जाळतो, जास्त गेला तर जीव घेतो. बोट हिरवी होईल, पण गळती झाली तर पाइपाजवळ कोण असेल? गटारात गॅस असतो हे माहीत असून आपला माणूस आत उतरवला जातो, २०१३ चा कायदा असूनही. त्याच हातात अमोनियाचा पाइप द्यायला ठेकेदाराला कितीसा वेळ लागणार?

आणि जुन्या बोटी कुठे जाणार? नव्या आल्या की जुन्या मोडीत. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं त्या हातांनी तोडतात. आत ॲस्बेस्टॉस, तेल, गॅस. त्यांच्या जिवासाठीचा हाँगकाँग करार झाला २००९ मध्ये, लागू झाला २६ जून २०२५ ला. सोळा वर्षं! जबाबदार कोण विचारावं, तर मालक एका देशाचा आणि झेंडा भाड्याचा. त्यातला एक झेंडा लायबेरियाचा. अमेरिकेतून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी उभारलेलं हे राज्य. आज त्याच्या झेंड्याआड जगभरचे भांडवलदार लपतात.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. प्रत्येक धक्क्यावर किनाऱ्याची वीज द्या, बोटीची इंजिनं बंद करा. ती वीज कोळशाची नको, नाहीतर आमचा धूर दुसऱ्या गरिबाच्या वस्तीत जाईल. विषारी इंधनाचं काम ठेक्यावर नाही, कायम कामगाराकडे, शिक्षण देऊन, आणि धोका दिसला तर नाही म्हणायच्या हक्कासकट. धुराच्या दंडातला वाटा ज्यांनी धूर गिळला त्यांच्या औषधपाण्याला.

कामं वाटली, असं म्हणत माणसंच वाटली गेली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच उघडं केलं. आता टनावर धूर मोजायला बसलेत. मोजा. त्याच वहीत आमचं फुफ्फुस पण लिहा. नाही लिहिलंत तर ही गोदी लिहील.

जय भीम!