फवारणीचे माहितीपत्रक कुणासाठी?

2017च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागची कारणे अनेक होती. सारे खापर माहितीपत्रकावर फोडणे योग्य नाही. पण कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारा तो घडीचा कागद एकदा उलगडून पाहाच. अक्षर बारीक आणि वाक्ये अशा थाटाची: ‘फवारणीसमयी योग्य संरक्षक साधनांचा अवलंब करणे अत्यावश्यक असून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करण्याचे टाळावे.’ ‘हातमोजे, मास्क घाला. वारा पाठीवर घेऊन फवारा,’ एवढ्यात हे सांगून होते. विमानदेखभालीच्या पुस्तिकांसाठी जी सुलभ इंग्रजी ठरवलेली आहे, तिच्यात कृती सांगणारे वाक्य 20 शब्दांपलीकडे नेता येत नाही. शेतमजुराच्या जिवाचीही तेवढीच काळजी घ्यायला हवी.

मात्रेच्या तक्त्यापाशी मात्र कात्री जपून चालवावी लागते. पत्रकात प्रमाण हेक्टरी असते. शेतकऱ्याचा हिशेब एकराचा आणि पंपाचा. समजा, हेक्टरी 500 लिटर पाण्यात एक लिटर औषध सांगितले आहे. म्हणजे 15 लिटरच्या पाठीवरच्या पंपाला 30 मिली. मग सरळ ‘पंपाला 30 मिली’ लिहून मोकळे का होऊ नये? कारण पॉवर पंपाला पाणी बरेच कमी लागते आणि तिथे हा आकडा चुकतो. इथे मजकूर कापायचा नाही, उलट वाढवायचा: कोणता पंप, टाकी किती लिटरची, किती मिली.

रासायनिक नावाचेही तसेच. मजुराला ते उच्चारता येत नसेल, पण दवाखान्यात डॉक्टर आधी तेच विचारतात. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात. प्रत्येक कीटकनाशकावर तो उतारा नाही.

मजकूर कायद्याने ठरलेला आहे, त्यात बदल केला तर उद्या जबाबदारी कुणाची, हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नाही. पण कायद्याला हवे ते सगळे ठेवूनही त्याचा क्रम लावता येतो. पहिली बाजू फवारणाऱ्यासाठी, ठळक अक्षरांत; मागची डॉक्टरांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी. डब्यावरच्या त्रिकोणाचा अर्थही पहिल्याच बाजूला हवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

कृषी खात्याने आणि कंपन्यांनी छपाईआधी हा मसुदा बांधावर न्यावा, फवारणाऱ्या मजुरांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि ते जिथे अडखळतील तिथे तो बदलावा.