चालकाविना मोटार आणि चोरखमाऱ्याचा चालक

चालकाविना धावणारी मोटार या देशात येऊ देणार नाही, असे केंद्रीय वाहतूकमंत्री श्री. नितीन गडकरी २०१७ मध्ये म्हणाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात त्यांनी त्याचाच पुनरुच्चार केला. कारण दिले ते चालकांच्या रोजगाराचे. सत्ताधाऱ्यांच्या तोंडून श्रमिकाच्या पोटाची चिंता क्वचितच ऐकू येते. म्हणून या भूमिकेचे आम्ही स्वागत करतो. परंतु मंत्र्याचा शब्द म्हणजे कायदा नव्हे, आणि बंदी म्हणजे संरक्षणही नव्हे.

माथेरानचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तेथे पर्यावरणाच्या रक्षणासाठी मोटारींना मज्जाव झाला, तो योग्यच होता. पण त्याच मज्जावाच्या आडोशाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची लाजिरवाणी प्रथा स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे टिकून राहिली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. विजेवरील रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांना मिळाव्यात, निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. आमच्या मते या आदेशाचे खरे महत्त्व या दुसऱ्या भागात आहे. तेच यंत्र एखाद्या धनिक ठेकेदाराच्या हाती गेले असते, तर रिक्षा ओढणारा छातीवरचा भार उतरताच बेकार झाला असता. डॉ. लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत, तो यासाठीच.

आता गोंदिया जिल्ह्यातील चोरखमाऱ्याकडे वळू. नागझिरा अभयारण्याच्या या प्रवेशद्वारावर पर्यटकांची वाट पाहत जिप्सीचालक उभे असतात. पावसाळ्यात जंगल बंद, तशी त्यांची कमाईही बंद. जिप्सीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री कंपनीने २०१९ मध्येच थांबविली; जुन्या गाड्या केव्हातरी मोडीत निघणारच. त्यांच्या जागी आवाज व धूर न करणारी विजेची वाहने येणे वन्यप्राण्यांच्या दृष्टीनेही इष्ट आहे. ती अडवावीत असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यांची किंमत गावच्या चालकाला झेपणारी नाही, आणि ती झेपणारे शहरातील भांडवल संधीची वाट पाहतच असते.

म्हणून चालकविरहित मोटारींवरील निर्बंध सरकारने कायद्याने घालावा. विजेच्या वाहनांचे परवाने मात्र स्थानिक चालकांच्या सहकारी संस्थांनाच द्यावेत आणि त्यांना अल्प व्याजाचे कर्ज मिळवून द्यावे. जंगल बंद असते त्या महिन्यांत वनखात्याला हे काम सहज उरकता येईल.