जुन्या घडणीची बेस गिटार : पैसे कशाचे मोजायचे?

आम्ही कापडवाले. गिटारीशी आमचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध इतकाच की आमचा भाचा एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो आणि त्या कमाईवर त्याचे घर चालते. त्याच्या जुन्या गिटारीची मान वाकली. नवी घेण्यासाठी हप्त्यांचे कर्ज काढायचे म्हणून तो पेढीवर आला. "मामू, तुम्ही फक्त जामीन राहा," म्हणाला. माल पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा आमचा चाळीस वर्षांचा रिवाज. म्हणून त्याच्यासोबत दुकाने फिरलो. त्या फिरण्यात जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगाचे वाटते, म्हणून हा लेख.

भाच्याचे मन बसले होते ते 1960 च्या सुमाराच्या घडणीच्या गिटारीवर. तिचा रंग कारखान्यातच घासून उडवलेला, कडांना मुद्दाम ओरखडे पाडलेले. त्याच घडणीची साधी गिटार शेजारीच टांगलेली होती, ती जवळजवळ निम्म्या किमतीला. आम्हाला हसू आले. नवी जीन्स धुऊन, घासून, विटवून जादा दराने विकण्याचा धंदा आम्ही बाजारात रोज पाहतो. गिऱ्हाईक तिथे कापडाचे पैसे देत नाही, विटण्याचे देते. हौस असेल तर जरूर द्यावेत, पण कर्ज काढून नव्हे.

या घडणीचा इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचे उभे वाद्य. ते वाहून नेणे हीच मोठी कसरत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांनी 1951 साली गळ्यात अडकवून वाजवायची विजेवरची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव प्रिसिजन. 1957 साली तिचे रूप बदलले आणि तेच पुढे टिकले. 1960 साली जॅझ बेस आली. तिची मान वरच्या टोकाला बारीक आणि पिकअप दोन. आज बाजारात 'जुन्या घडणीची' म्हणून जी बेस मिळते, ती बहुधा या दोहोंपैकी एका नमुन्याची असते.

1965 साली हा कारखाना सीबीएस या बड्या कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतला. पुढे मालाचा दर्जा उतरला, असे बहुतेक वादकांचे मत पडले. मग 1965 पूर्वीच्या वाद्यांना भाव चढला आणि आज ती लाखो रुपयांना जातात. इकडे जपानी कारखाने इतकी हुबेहूब नक्कल करू लागले की मूळ कंपनीची झोप उडाली. तेव्हा फेंडरने काय केले? 1982 साली जपानी व्यापाऱ्यांशी भागीदारी केली आणि जो कारखाना आधी नकला बनवीत होता, त्याच्याकडूनच 1957 व 1962 च्या नमुन्यांची वाद्ये बनवून घेतली. स्वस्त मालाला वेगळे नाव दिले, स्क्वायर. हे तारा बनवणाऱ्या एका जुन्या पेढीचे नाव फेंडरने आधीच विकत घेतले होते. याच स्क्वायरची क्लासिक व्हाइब ही मालिका 2008 साली निघाली. ती आधी चीनमध्ये बनत असे, आता इंडोनेशियात बनते. भाच्यासमोर टांगलेली साधी गिटार यातलीच होती.

आता पारख. वादक मंडळींना विचारून आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या. मान डोळ्यासमोर धरून टोकापासून पाहावी. पीळ असेल तर तो माल सोडून द्यावा. मानेतील सळई फिरते की नाही, हे दुकानदाराकडून करवून घ्यावे. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवावे, टोचता कामा नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवावी. एखादा स्वर लवकर मरत असेल तर तो तिथेच कळतो. बटणे फिरवताना खरखर होऊ नये. पट्टा अडकवून पंधरा मिनिटे उभे राहावे. चार तासांचा कार्यक्रम खांद्यावर असतो, वजन चारेक किलोच्या पुढे गेले की खांदा बोलतो. जॅझ बेसचा एकच पिकअप चालू ठेवला तर गुणगुण येते, दोन्ही पूर्ण उघडले की ती जाते. तो दोष नव्हे, घडणच तशी आहे. प्रिसिजनमध्ये ती कटकट नाही.

लाकडाचेही सांगतो. या स्वस्त गिटारींच्या पट्टीला पूर्वी शिसवी असे. 2017 साली शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे निर्बंध आले. 2019 साली तयार वाद्यांना सूट मिळाली खरी, पण तोवर अनेक कारखाने ऐनाच्या लाकडाकडे वळले होते. हा ऐन आपल्याच जंगलातला, घरबांधणीत वापरतात तो. पट्टी ऐनाची आहे म्हणून माल हलका समजू नये.

आणि तो 'जुना आवाज' कुठून येतो? पुष्कळसा तारांतून. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन मोटाउन कंपनीच्या गाण्यांत वाजवीत ते 1962 ची प्रिसिजन आणि चपट्या वेटोळ्याच्या तारा घेऊन. तारा बदलण्याचा त्यांना कंटाळा, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणजे जो आवाज लोक रंगाच्या ओरखड्यांत शोधतात, तो तारांच्या एका संचात आणि वादकाच्या बोटांत मिळतो.

भाच्याने साधी घेतली. वाचलेल्या पैशांतून चपट्या तारा, चांगली पेटी आणि कारागिराकडून तारांची उंची बसवून घेणे, एवढे झाले. हप्ता निम्मा झाला आणि आम्ही निर्धास्तपणे सही केली.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्याच फेरीत एका दुकानात हलक्या गिटारीवर मोठे नाव चिकटवून ती अस्सल म्हणून आम्हाला दाखवली गेली. स्क्वायरही नक्कलच, पण नाव वेगळे, भाव वेगळा, सगळे उघड. आपल्या बाजारात यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून आणि मिश्र सूत शुद्ध सुती म्हणून खपवणारे आहेत. त्यांनी यावर विचार करावा. सांगून विकलेली नक्कल हा व्यापार आहे, लपवून विकलेली नक्कल हा दगा आहे. आणि घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे की मालात तीन गोष्टींची किंमत असते: नाव, वय आणि कारागिरी. खिसा लहान असेल तर फक्त तिसरीचे पैसे मोजावेत.