मूळ मजकूर आणि समासातली टीप

भाषेच्या शिक्षकाने लिनक्सच्या फाइलींवर का लिहावे, असे कुणी विचारेल. कारण साधे आहे. लहान शाळेत संगणक खोली ज्याला थोडेफार जमते त्याच्या गळ्यात पडते. आमच्याकडे ती माझ्या गळ्यात आहे. आणि माझे मत असे, की सेटिंग कुठे व कशा ठेवाव्यात हा प्रश्न तंत्राचा कमी आणि आपल्यामागून येणाऱ्या माणसाचा जास्त आहे.

लिनक्समध्ये यंत्राच्या बहुतेक सेटिंग ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या रूपात असतात. हे नाव ‘एट सेटेरा’, म्हणजे ‘इत्यादी’ यावरून आले. जुन्या युनिक्समध्ये तिथे खरोखरच सटरफटर सामान असे. पुढे शिस्त आली. प्रणालीसोबत आलेल्या गोष्टी ‘यूएसआर’मध्ये आणि या यंत्रापुरत्या सेटिंग ‘ईटीसी’मध्ये, अशी वाटणी ठरली. फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्डच्या २०१५ च्या ३.० आवृत्तीतही तीच आहे.

उर्दूचेच उदाहरण घ्या. मुलांची पुस्तके नस्तालीक लिपीत असतात, पण पडद्यावर उर्दू पुष्कळदा नस्ख वळणात उमटते. मुले अडखळतात. उपाय म्हणजे उर्दूसाठी नोटो नस्तालीक फॉन्ट आधी घ्यावा, असा नियम लिहिणे. तो फॉन्टच्या मुख्य फाइलीत घुसडता येतो. पण ती फाइल स्वतःच बजावते, की मला हात लावू नका, अपडेट आले की मी बदलली जाईन. त्यासाठी शेजारी ‘कॉन्फ.डी’ नावाचे फोल्डर आहे. तिथे आपली छोटी फाइल ठेवायची. नावाआधीच्या आकड्यावरून वाचण्याचा क्रम ठरतो.

जुन्या उर्दू-फारसी ग्रंथांत ‘मतन’ आणि ‘हाशिया’ वेगळे असत. भाष्यकार मूळ मजकूर खोडत नसे, आपले म्हणणे समासात लिही. सेटिंगचेही तसेच असावे.

यावर आक्षेप असतो, की दहा तुकडे शोधण्यापेक्षा एकच फाइल बरी. घरच्या एका संगणकापुरते ते खरे आहे. शिवाय तुकड्यांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ‘सुडोअर्स.डी’मध्ये नावात टिंब असलेली फाइल मुकाट्याने वगळली जाते. तरीही मी तुकड्यांच्याच बाजूने आहे. मुख्य फाइलीत बदल मिसळले, की अपडेटच्या वेळी डेबियन विचारते, तुमची प्रत ठेवू की नवी घेऊ? आपले काय आणि मूळचे काय हेच माहीत नसलेला माणूस याचे उत्तर काय देणार?

‘जुनी’, ‘नवी’, ‘फायनल’ अशा प्रतींचा ढीगही नको. ‘ईटीसीकीपर’ हे साधन संपूर्ण ‘ईटीसी’चा इतिहास गिटमध्ये ठेवते. फक्त त्यात पासवर्डचे हॅशही येतात, म्हणून तो साठा खासगीच राहिला पाहिजे.

आपल्याकडे बदली झाली की चार्ज देतात. कपाटाच्या किल्ल्या दिल्या जातात, डेडस्टॉक रजिस्टरवर सह्या होतात. संगणकाचे ज्ञान मात्र जाणाऱ्याच्या डोक्यातच निघून जाते, आणि खोलीला कुलूप लागते. नुकसान मुलांचे होते. म्हणून प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तीन ओळी लिहाव्यात: काय बदलले, का बदलले, कधी बदलले. त्या मराठीतही चालतात, उर्दूतही. त्या फाइलीत टीप लिहिण्याची जी पद्धत असेल, ती तेवढी पाळायला हवी.